काठी धरणारी

बंद पडलेल्या वीजघराची चिमणी उतरवायला घेतली त्याला त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. सुरुंग लावून पाडावी तर शेजारी घरं होती. म्हणून माणसं वर चढवायची, एकेक वीट फोडायची आणि चिमणीच्याच पोटात टाकायची, असं काम चाललं होतं. तीनशे फुटांची चिमणी. रोज दोन हात कमी व्हायची, कधी तीन. रस्त्यानं जाणाऱ्याला फरक कळायचा नाही. ओळंब्याला कळायचा.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच वीजघरात तो देखभाल खात्यात मोजणीदार होता. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवर तसबीर दिसली, की बसायच्या आधी हा मान तिरकी करून बघणार आणि सांगणार, "उजवीकडे अर्धं बोट उतरलीय." चहा नंतर. भिंत बांधताना गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, भिंत सरळ आहे का बघायला, त्याला ओळंबा म्हणतात. तेच नाव याला चिकटलं. बायकोही भांडणात तेच वापरायची. "अहो ओळंबे, जरा वाकत जा कधीतरी. मोडणार नाही तुम्ही."

बायको जाऊन सात महिने झाले होते.

कालव्याच्या अलीकडच्या काठावर एक लोखंडी खुंटी जमिनीत ठोकलेली होती. कॅमेऱ्याची तिपाई त्या खुंटीवर यायची. तिथून वीस पावलांवर दुसरी खुंटी. त्या खुंटीवर दहा फुटी काठी उभी धरायची, फळीसारखी चपटी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, फुटाफुटाच्या खुणा असलेली. मागं कालवा, कालव्यापलीकडे चिमणी. एका वर्षी कालव्याचं पाणी चिमणीच्या पायाखाली मुरलं आणि ती किंचित कलली, तेव्हापासून खात्यानं ठरवून दिलं होतं की दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, त्याच खुंटीवरून, तोच फोटो. काठी सरळ म्हणजे किती सरळ? तर तिच्या पाठीला डोळ्याच्या उंचीवर पाण्यातल्या बुडबुड्याची काचेची नळी बसवलेली होती. धरणाऱ्यानं काठीच्या मागं उभं राहायचं, बुडबुड्यावर नजर लावायची आणि तो मधोमध आला की श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. मग त्या काठीशी ताडून चिमणी किती हलली ते काढायचं.

सुरुवातीला काठी धरायला खात्याचा माणूस होता. त्याची बदली झाली. दुसरा देतो म्हणाले. एक तारीख तोंडावर आली आणि ओळंब्यानं बायकोला म्हटलं, "आजच्या दिवस ये. काठीच धरायची आहे."

तो आजचा दिवस सव्वीस वर्षं चालला. वीजघर बंद पडलं, खातं गेलं, साहेब गेले, तरी चालला. कॅमेरा ओळंब्यानं भंगारात जाण्याआधी मागून घेतला होता. एक तारीख आली की हा तिपाई खांद्यावर टाकायचा आणि ती काठी घ्यायची. वाटेत तिचं तोंड चालू.

"बायका नवऱ्याबरोबर फिरायला जातात. मी सवतीच्या दारात काठी धरून उभी राहते."

"तीनशे फुटांची सवत," हा म्हणायचा.

"आणि कुबड आलेली. तरी तुमचा जीव तिच्यावर."

"उभी राहा. बोलू नकोस."

"बोलल्यानं काठी हलते होय?"

"हनुवटी लागते तिला."

हे दर महिन्याला. शब्द थोडे इकडेतिकडे.

आता काठी धरायला कुणी नव्हतं. त्यानं घरातली खुर्ची नेऊन तिला काठी बांधून पाहिली, पण वाऱ्यानं खुर्चीसकट काठी डुलायची. तरी चिमणी उतरायला लागल्यापासून तो रोज जात होता आणि डुलत्या काठीसकट फोटो काढत होता. मापाला त्यांचा काही उपयोग नव्हता. पाडायच्या चिमणीचं माप हवंय कुणाला? पण घरी बसून दुसरं काय करायचं हेही त्याला माहीत नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी तो घरी आला तर दारात मुलगी. दुसऱ्या गावी असते, सकाळच्या गाडीनं आली होती. तिनं आधी मोरी बघितली, तिथं फिल्म धुवायची तबकं पडली होती. मग ओटा बघितला, तिथं काहीच नव्हतं.

"बाबा, जेवलात कधी?"

"जेवतो की."

"काल?"

तिनं भात टाकला आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "मला आईचा एक फोटो द्या. मोठा करून घेते."

"कपाटात आहेत ना. तीनशेच्या वर आहेत."

"त्यात आई आहे?"

"प्रत्येकात. तीच तर काठी धरायची."

मुलगी वळली. हात ओले होते, ते तसेच धरून म्हणाली, "बाबा, परवा काय झालं माहितीय? मी कपडे वाळत घालत होते आणि आईचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले. तर दवाखान्यातलाच आला. औषधानं सुजलेला. त्याच्या आधीचा आठवायला गेले तर येईचना. मी तिथंच बसले, बादलीजवळ. आईचा चेहरा कुणी विसरतं का हो?"

ओळंबा शिजत्या भाताकडे बघत राहिला. त्याचंही तेच झालं होतं, तीन महिन्यांपासून. तिचे हात यायचे, आवाज यायचा, जिन्यावरची चाल यायची. चेहऱ्याच्या जागी दवाखान्याच्या कार्डावरचा फोटो यायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीलाही सांगितलं नाही. "जेव. मग बघू," एवढंच म्हणाला.

जेवणं झाल्यावर त्यानं टेबल खिडकीपाशी ओढलं, भिंग काढलं, आणि दोघं फोटो बघायला बसली. वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. चिमणी प्रत्येकात सुरेख आली होती. विटांचे थर मोजून घ्यावेत. पुढं काठी, काठीवरचा आकडा न् आकडा वाचता यावा. आणि काठीच्या मागं बायको. काठी चेहऱ्याएवढी रुंद, आणि बाई तिच्या बरोबर मागं उभी, नजर बुडबुड्यावर. दोन्ही बाजूंना कान तेवढे दिसायचे. खाली कोपर, स्वेटर, चपला.

मुलीनं पंधरा बघितले, वीस बघितले. भिंग डोळ्याला लावूनच म्हणाली, "भिंतीला कान असतात ऐकलं होतं. काठीलाही असतात."

ओळंब्याला हसू आलं. मुलीलाही आलं. दोघं बराच वेळ हसली, आणि मग मुलीनं भिंग खाली ठेवलं.

"एकही नाही?"

"काम चोख करायची," तो म्हणाला. आणि हे बोलताना आपण कुणाची तक्रार करतोय की कौतुक, हे त्याचं त्यालाच कळेना.

"माझ्या लग्नातला?"

तोही नव्हता. नोंदणी कार्यालयाबाहेर त्यानं जोडप्याचा फोटो काढला होता. ऊन एकाच बाजूनं येत होतं, नवरीच्या तोंडावर सावली पडत होती, म्हणून बायकोला पांढरी चादर धरून बाजूला उभं केलं होतं. चादरीचा उजेड फोटोत आला होता. नवरी झकास दिसत होती. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. आयुष्यभर हातात कॅमेरा, आणि घरच्या माणसाचा फोटो काय, तर दवाखान्यानं कार्डासाठी काढलेला.

"ते कार्ड मला नको," मुलगी म्हणाली. "ती आई नव्हे."

दुपार अशीच गेली. ती आवराआवर करत होती आणि तो खुर्चीत बसला होता, आणि मग एकाएकी तो ताठ झाला.

"बाद झालेले," तो म्हणाला.

"काय?"

"काठी कलली की फोटो बाद. ते घरी नाही आणायचो मी, खात्यात जमा करायचो. तेव्हा ती बाहेर डोकवायची. पहिल्या दोन वर्षांत. काठीच्या मागून मान बाहेर काढायची, माझ्याकडे बघायची, आणि मी तेव्हाच नेमकं बटण दाबलेलं असायचं."

पहिल्यांदाचं त्याला चांगलं आठवत होतं. कालव्याकाठानं एक सायकलवाला चालला होता, चिमणीकडे बघत बघत, आणि तो सायकलसकट पाण्यात गेला. कमरेएवढं पाणी. उठून उभा राहिला आणि पहिल्यांदा डोक्यावरची टोपी सारखी केली. बायको खो खो हसली, काठीच्या बाहेर आली, "अहो, बघितलंत का?" आणि इकडे बटण दाबलं गेलं. ओळंबा तिच्यावर केवढ्यांदा ओरडला होता. ती म्हणाली होती, "एखादा माझा निघाला तर काय चिमणी रुसणार आहे?" आणि हा म्हणाला होता, "खात्याची फिल्म आहे ती. तुझ्या तोंडासाठी नाही."

मुलीला त्यानं सायकलवाल्यापर्यंतच सांगितलं.

वीजघराचे जुने दप्तरदार दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. ऐंशीच्या घरात गेलेले, कानानं कमी. दोघं तशीच उठून त्यांच्याकडे गेली. ओळंब्यानं तीनदा ओरडून विचारलं तेव्हा दप्तरदारांना प्रश्न पोचला, आणि पोचल्यावर राग आला.

"फेकून दिल्या? मी? माझ्या दप्तरातून उंदीरसुद्धा सहीशिवाय बाहेर गेला नाही! बाद असो की चांगली, ज्याच्यावर तारीख आहे ते ठेवायचं. तू दिल्यास, मी ठेवल्या. जशा दिल्यास तशा."

"कुठं?"

"ऑफिसचा दुसरा मजला. जिन्यासमोर हिरवं कपाट, खालचा खण." मग ते उठले, देव्हाऱ्यात शोधावं तशा भक्तीनं एका डब्यात शोधलं आणि किल्ली काढून दिली. "वीजघर बंद झालं तेव्हा सगळं परत घेतलं त्यांनी. किल्ली कुणी मागितलीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक वीजघराच्या फाटकात उभी राहिली. पाडकामाचा मुकादम ओळंब्याला ओळखत होता. वीस दिवस कालव्यापलीकडून हा म्हातारा तिपाई लावून उभा असतो. वरची माणसं म्हणायची, तो आपल्यावर पहारा ठेवतो.

"काका, आज अलीकडे कसे? आणि आज तर नकोच. ऑफिसची इमारत घ्यायचीय, मशीन लागलंय बघा भिंतीला."

"अर्धा तास द्या. दुसऱ्या मजल्यावर जायचंय."

"काका, जिन्याचा भरवसा नाही. काही झालं तर माझी मान जाईल. काय आहे काय तिथं एवढं?"

ओळंब्याला असल्या गोष्टी लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. तो किल्लीकडे बघत म्हणाला, "बायकोचा फोटो आहे. घरात एकही नाही. ती गेली."

मुकादमानं मशीनवाल्याला हात केला. घरघर थांबली. स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यानं ओळंब्याच्या डोक्यावर ठेवली, दुसरी मुलीसाठी मागवली. "वीस मिनिटं," तो म्हणाला. "आणि भिंतीला धरून चला. कठड्याला नाही."

जिन्यात गिलावा पडला होता. पायाखाली चुरचुर वाजायचा. दुसऱ्या मजल्यावर खिडक्यांच्या चौकटी आधीच काढून नेल्या होत्या, त्यामुळं उजेड भरपूर होता. हिरवं कपाट जागेवर होतं. किल्ली फिरली, पण दार गंजून बसलेलं. मुलीनं पाय लावून ओढलं तेव्हा उघडलं. खालच्या खणात तपकिरी पाकिटं उभी लावलेली होती, वर्षं घातलेली, एकावर एक नव्हे, एकाशेजारी एक. दप्तरदार खोटं बोलले नव्हते.

पाकिटांवर ओळंब्याचंच अक्षर होतं. "बाद. धुकं." "बाद. फिल्म खराब." आणि एकावर, "बाद. काठी कललेली. नग अकरा."

"अकरा!" मुलगी म्हणाली. तिनं ते पाकीट त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं आणि खिडकीच्या भगदाडाशी गेली. ओळंबा मागं उभा राहिला. अकरा वेळा डोकावली होती. त्याला वाटलं होतं तीनदा किंवा चारदा. अकरा म्हणजे चिकार झाले. एक तरी नीट असेल. नीट नसला तरी चालेल, एक डोळा आणि अर्धं हसू असलं तरी चालेल.

मुलीनं पहिली फिल्म उजेडात धरली. हाताच्या पंजाएवढी फिल्म, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. ती बघत राहिली. मग दुसरी धरली. मग तिसरी.

"बाबा, ही भोकं कसली?"

आणि तेव्हा त्याला आठवलं.

बाद फोटोवरून चुकून कुणी माप काढू नये, म्हणून फिल्म जमा करण्याआधी ती कायमची रद्द करायची पद्धत होती. बसचा कंडक्टर तिकिटाला पाडतो तसं भोक पाडायचं चिमट्यानं. कुठं? तर ज्या खुणेपासून माप धरतात तिथंच, म्हणजे काठीवरच्या पाच फुटांच्या लाल पट्टीवर. पट्टीच उडवली की मोजणार कुठून? ही पद्धत त्यानंच सुचवली होती, साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. चिमटा त्याच्या टेबलाच्या खणात असायचा. शेकडो वेळा वापरला. हाताला लागलेली सवय डोक्याला विचारायला जात नाही.

बायकोची उंची पाच फूट आणि वर दोन बोटं. फिल्मवर तिचा चेहरा मोहरीएवढा यायचा. आणि भोक वाटाण्याएवढं.

त्यानं अकराही फिल्मा हातात घेतल्या आणि एकेक उजेडाला धरली. चिमणी होती. कालवा होता. कललेली काठी होती, वर आणि खाली. बाईचा स्वेटर होता, तिनं एका हातानं काठी धरली होती आणि दुसरा हात वर केलेला होता. त्यातल्या एकीत तो हात सरळ कॅमेऱ्याकडे होता, कुणाला तरी हाक मारताना करतात तसा. त्या हाताच्या वर स्वच्छ गोल भोक, आणि भोकातून समोरचं आभाळ दिसत होतं. अकरा फिल्मा, अकरा भोकं, एकही इकडेतिकडे नाही. काम चोख होतं.

"थोडासा... कडेचा तरी राहिला असेल," मुलगी म्हणाली. तिनं परत एकेक घेतली, अगदी डोळ्याजवळ नेली, वाकडी करून बघितली. एकीत कानाची पाळी राहिली होती. एकीत केसांची बट.

खाली मुकादमानं शिटी मारली.

"हिच्यात," तिनं हात वर केलेली फिल्म त्याच्यापुढं धरली. "हिच्यात हसत होती का हो? एवढं तरी सांगा. तुमच्यासमोरच उभी होती ना?"

ओळंब्यानं फिल्म घेतली. त्याला ती सकाळ आठवली. थंडी आठवली, तिपाईचा एक पाय चिखलात रुतत होता तो आठवला. त्यानं डोळे मिटले आणि जोर लावून समोर बघितलं.

"काठी दोन बोटं कलली होती," तो म्हणाला. "डावीकडे."

"मी काठीचं नाही विचारलं."

"मला तेवढंच दिसलं होतं."

मुलीनं तोंड फिरवलं. तिच्या खांद्यांकडे बघत तो उभा राहिला. जवळ जावं, हात ठेवावा, असं त्याला वाटलं. पण त्याच हातांत फिल्मा होत्या, आणि त्या कुठं ठेवाव्यात हे त्याला सुचेना. खालून पुन्हा शिटी झाली, या वेळी लांब, आणि मुकादमाचा आवाज, "काका! उतरा! मिळाला का?"

ओळंब्यानं फिल्मा पाकिटात भरल्या.

जिना उतरताना मुलगी पुढं होती. मधल्या वळणावर तिनं मागं हात केला, बापाचा तोल जाऊ नये म्हणून, पण मागं वळून बघितलं नाही. फाटकात मुकादमानं ओळंब्याच्या हातातलं पाकीट बघितलं आणि खूश झाला. "चला, एक काम झालं आमच्या हातून," म्हणाला आणि मशीनवाल्याला खूण केली. ओळंब्यानं टोपी काढून त्याला परत दिली. आभार मानले.

संध्याकाळच्या गाडीनं मुलगी परत गेली. जाताना तिनं दवाखान्याचं कार्ड मागून घेतलं. "निदान नाक तरी आईचंच आहे त्यात," म्हणाली आणि पिशवीत पुस्तकाच्या पानांत ठेवलं, दुमडू नये म्हणून. पायात वहाणा घालताना तिनं विचारलं, "उद्या जाणार फोटो काढायला?"

"बघू."

तो गेला नाही. पुढंही गेला नाही. चिमणी अजून दोन महिने तरी पुरली असती. खिडकी बंद केली तरी चिमणीच्या पोटात विटा पडल्याचा आवाज घरापर्यंत यायचा, आधी एक, मग थोड्या वेळानं दुसरी. तो टेबलाशी बसून असायचा. पुढ्यात हात वर केलेली फिल्म असायची. सकाळी ती तो खिडकीच्या काचेला लावायचा, आणि भोकाच्या जागी डोळे, मग नाक, मग तोंड बसवायला घ्यायचा. नाक कार्डावरचं यायचं. बाकीचं बसायचं नाही. तरी तो दुपारपर्यंत तसाच बसायचा, आणि कधी शेजारीण डबा घेऊन आली तर फिल्म पालथी घालून ठेवायचा.